भिंतीवरची जागा : विद्यार्थ्यांच्या चित्रप्रदर्शनाविषयी काही विचार

शाळा-महाविद्यालयांतून, वसतिगृहांतून आणि वस्त्यांमधील समाजमंदिरांतून विद्यार्थ्यांच्या चित्रांची प्रदर्शने भरतात. ३ जानेवारी, १४ एप्रिल, ६ डिसेंबर अशा दिवसांना जोडून ती भरविण्याची प्रथा आपल्या कार्यकर्त्यांनी चांगली रुजवली आहे. मी चित्रकला शिक्षक म्हणून नोकरी केली. त्यामुळे अशा प्रदर्शनांची मांडणी करण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे येत राहिले. चित्रे नेमकी कशी लावावीत, असा प्रश्न तरुण शिक्षक आणि कार्यकर्ते मला विचारतात. खिळे किती, सुतळी किती, पुठ्ठा कोणता, एवढ्यापुरतेच उत्तर त्यांना अपेक्षित असते. तेही मी पुढे सांगणार आहे. परंतु माझ्या मते हा प्रश्न मुळात जागेचा आहे. कोणाचे चित्र कोठे लागते, किती उंचीवर लागते, कोणाच्या शेजारी लागते आणि त्याखाली काय लिहिले जाते, यावरून ते काढणाऱ्या मुलाला आपण काय समजतो हे उघड होते.

आपल्या समाजाला जागेचा अर्थ शिकवावा लागत नाही. साताऱ्याच्या शाळेत शिकताना वर्गात बसण्यासाठी आपल्याला वेगळे गोणपाट लागे आणि शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसल्यामुळे ते रोज घरी न्यावे लागे, ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पाणवठ्यावरची जागा, पंगतीतली जागा, वर्गातली जागा. जातिव्यवस्थेने माणसाची किंमत नेहमी जागेच्या भाषेतच सांगितली. मग शाळेच्या भिंतीवरची जागा तेवढी निरागस असेल असे मानण्याचे कारण काय?

एकाच चित्राचा मांडणीने सन्मान करता येतो आणि मांडणीनेच अपमानही करता येतो. याचा सर्वांत ढळढळीत पुरावा जर्मनीत मिळतो. १९ जुलै १९३७ रोजी नाझी राजवटीने म्युनिच शहरात 'अधःपतित कला' या नावाचे प्रदर्शन उघडले. जर्मनीतील सार्वजनिक संग्रहालयांतून जप्त केलेली सुमारे ६५० चित्रे, शिल्पे व मुद्राचित्रे तेथे आणली होती. नोल्डे, किर्शनर, क्ले, कँडिन्स्की यांच्यासारख्या कलावंतांची ही कामे. ती अरुंद दालनांतून दाटीवाटीने, काही तर मुद्दाम वेडीवाकडी टांगली. भोवतीच्या भिंतींवर टवाळीची वाक्ये रंगवली. काही चित्रांशेजारी, संग्रहालयाने ती किती किमतीला विकत घेतली होती तो आकडा लिहिला, म्हणजे पाहणाऱ्याला आपल्या पैशाची उधळपट्टी झाली असे वाटून चीड यावी. आदल्याच दिवशी त्याच शहरात, खास बांधलेल्या भव्य इमारतीत, 'महान जर्मन कला' प्रदर्शनाचे उद्घाटन खुद्द हिटलरने केले होते. तेथे प्रत्येक कामाभोवती भरपूर मोकळी भिंत होती, प्रकाश होता, शिस्त होती. अपमानित झालेल्या चित्रांपैकी अनेकांना काही वर्षांपूर्वीपर्यंत संग्रहालयात मानाचे स्थान होते. मधल्या काळात त्या चित्रांतली एक रेषाही बदललेली नव्हती. बदलली होती ती त्यांची जागा आणि त्यांच्याभोवतीचे शब्द.

आपल्याकडे कोणी असा उघड दुष्टावा करीत नाही. आपल्याकडे सहज होते, आणि सहज होणारी गोष्टच तपासण्यासारखी असते. मी पाहिलेल्या एका शाळेच्या वार्षिक प्रदर्शनाचे उदाहरण देतो. शाळा नावाजलेली. प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर माउंट केलेली, सुबक नावपट्ट्या लावलेली चित्रे. आत जिन्याखाली, पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या बोळात, टाचण्यांनी टोचलेले बारा-पंधरा कागद. वर एकच पाटी: 'मागासवर्गीय वसतिगृहातील विद्यार्थ्यांची चित्रे'. एकाही मुलाचे नाव नाही. मी मुख्याध्यापकांना विचारले, तेव्हा ते मनापासून म्हणाले, "अहो, त्यांना मुद्दाम वेगळी संधी दिली आहे." त्या गृहस्थांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु त्या पाटीने पाहणाऱ्याला चित्राआधी जात दाखवली, आणि नाव तर दाखवलेच नाही. त्यातले एक चित्र मला अजून आठवते. रॉकेलच्या रांगेतले डबे होते. माणसे नव्हती, नुसते डबे, एकामागे एक. ते कोणी काढले हे मला कळू शकले नाही.

म्हणून नावाचा प्रश्न आधी घेतो.

आपल्या महाराष्ट्रात आडनाव ही नुसती ओळख नसते. आडनाव वाचले की वाचणारा मनातल्या मनात हिशेब करतो. त्यामुळे काही पुरोगामी शिक्षक सुचवतात की प्रदर्शनात आडनावे लिहूच नयेत, फक्त 'सुनील, इयत्ता आठवी' एवढेच लिहावे. दुसरीकडे आमचे काही कार्यकर्ते संतापतात : आम्ही आमची नावे का म्हणून लपवायची? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझे मत असे आहे की येथे दोन वेगळे टप्पे आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. निवड करताना आणि बक्षिसे ठरवताना नाव अजिबात दिसता कामा नये. चित्राच्या मागे क्रमांक लिहावा, क्रमांक आणि नावे यांची यादी बंद पाकिटात ठेवावी आणि परीक्षकाच्या हाती केवळ चित्रे द्यावीत. शासकीय रेखाकला परीक्षेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांकच असतो. तो नियम शाळेच्या प्रदर्शनाला लावायला काय हरकत आहे? पण चित्र भिंतीवर गेले की त्याखाली पूर्ण नाव हवे, सर्वांचे हवे, सारख्या आकारात हवे, आणि शक्य असेल तेथे त्या विद्यार्थ्याच्याच हस्ताक्षरात हवे. पूर्ण नाव म्हणजे काय, तेही त्यानेच ठरवावे. कोणी आईचे नाव लिहील, कोणी आडनाव वगळील. आपण ते 'दुरुस्त' करू नये.

नावावर मी इतका भर देतो, याचे एक कारण चेकोस्लोव्हाकियातल्या एका चित्रशिक्षिकेने घालून दिलेला धडा हे आहे. फ्रिडल डिकर-ब्रांडाइस ही ज्यू चित्रकार १९४२ च्या डिसेंबरमध्ये तेरेझिन येथील नाझी छळछावणीत आणली गेली. तेथे तिने मुलांचे चित्रकलेचे वर्ग चालवले. मिळतील त्या रद्दी कागदांवर, कचेरीच्या कोऱ्या पाठांवर मुले चित्रे काढीत. चित्रावर आपले नाव लिहा, असा तिचा आग्रह असे. छावणीत माणसाची ओळख वाहतूक-क्रमांकावरून होत होती, त्या जागी हा आग्रह. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये तिला ऑश्विट्झला नेऊन ठार मारण्यात आले. जाण्यापूर्वी तिने दोन पेट्यांत भरून ठेवलेली सुमारे ४,५०० चित्रे मागे राहिली. तिच्या वर्गातली बहुसंख्य मुले वाचली नाहीत. परंतु चित्रावर नाव होते म्हणून आज प्राग येथील ज्यू संग्रहालयात त्यांतल्या अनेक मुलांविषयी, हे चित्र अमक्याचे, तो अमक्या साली जन्मला, असे सांगता येते. 'वसतिगृहातील विद्यार्थी' ही पाटी लावणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

आणि जातीचा उल्लेख? तो कधीच नको काय? आपल्याच इतिहासातले उदाहरण पाहा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तो आहे आणि लिहिणारी स्वतः मांग समाजातली आहे, हे त्या लेखनाचे प्राणतत्त्व आहे. तेथे जात सांगितली आहे ती लिहिणाऱ्या मुलीने, स्वतःच्या तोंडाने, आरोप म्हणून. बोळातल्या पाटीवर जात सांगितली होती ती शाळेने, वर्गवारी म्हणून. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या चित्राला 'आमचा महारवाडा' असे शीर्षक दिले तर ते अक्षरशः तसेच लिहावे. संयोजकाने घाबरून त्याचे 'ग्रामीण दृश्य' करू नये. हे 'ग्रामीण दृश्य' मी फार वेळा पाहिले आहे.

याच ओघात दयेच्या पाट्यांविषयी सांगतो. 'मोलकरणीच्या मुलीने काढलेले चित्र', 'हलाखीच्या परिस्थितीतून'. अशा ओळी वर्तमानपत्राला आवडतात, देणगीदाराला आवडतात. मुलीला त्या आवडतात का, हे कोणी विचारीत नाही. तिच्या चित्रातला रंग कसा लागला आहे हे पाहण्याआधीच पाहणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि पाणावलेल्या डोळ्यांना चित्र दिसत नाही. त्याऐवजी मूल आपल्या चित्राविषयी जे बोलते तेच दोन ओळींत लिहावे. इटलीतील रेज्जो एमिलिया या गावाच्या नगरपालिकेच्या बालशाळांनी ही पद्धत फार गंभीरपणे वापरली. तेथील शिक्षक मुलांचे बोलणे जसेच्या तसे टिपून चित्राशेजारी लावतात. आपल्याकडे यासाठी खर्च काहीच नाही. एक वही आणि ऐकण्याची तयारी एवढेच लागते.

आता क्रमाकडे येऊ. चांगली चित्रे दर्शनी भागात आणि बाकीची मागे, हा सर्वत्र चालणारा क्रम. 'चांगले' ठरवणारा कोण, हा प्रश्न त्यात गिळला जातो. ज्या घरात रंगांची पेटी आहे, बसायला टेबल आहे, त्या घरातल्या मुलाचे चित्र स्वच्छ असते. ज्याच्या घरी एकच खोली आहे त्याच्या कागदावर तेलाचा डाग असतो. स्वच्छतेलाच गुणवत्ता समजणारे शिक्षक पुष्कळ आहेत. तेव्हा मी एक साधा नियम पाळतो : भाग घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे एक चित्र मुख्य ओळीत, डोळ्यांच्या पातळीवर लागलेच पाहिजे. दुसरे-तिसरे चित्र लावायचे की नाही ते गुणवत्तेवर ठरवावे. आणि मुख्य ओळीतला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा.

चिठ्ठ्यांची कल्पना ऐकून अनेक जण हसतात. परंतु हिला मोठा इतिहास आहे. १९१७ साली न्यूयॉर्क येथे स्वतंत्र कलावंतांच्या संस्थेने पहिले प्रदर्शन भरवले. परीक्षक नाहीत, बक्षिसे नाहीत, सहा डॉलर भरील त्याचे काम लागेल, असा नियम. सुमारे २,५०० कामे आली. मांडणी समितीचा प्रमुख मार्सेल द्यूशाँ याच्या सूचनेवरून ती कलावंतांच्या आडनावांच्या वर्णक्रमाने लावली आणि सुरुवात कोणत्या अक्षरापासून करायची तेही चिठ्ठी टाकून ठरवले. 'आर' हे अक्षर निघाले. नामवंत आणि नवखा शेजारी शेजारी आले. समीक्षकांनी आरडाओरडा केला. गंमत अशी की एवढी समतावादी संस्था, पण टोपणनावाने आलेल्या एका कामाला, मुतारीच्या त्या प्रसिद्ध भांड्याला, तिने नियम मोडून बाजूला सारले, आणि द्यूशाँने संस्थेचा राजीनामा दिला. ते भांडे त्यानेच पाठवले होते. नियम करणे सोपे असते. नको असलेले काम समोर आले म्हणजे तो टिकतो की नाही ते कळते. तेव्हा नियम आधी लिहून, दारावर लावून मोकळे व्हावे.

मात्र आपल्याकडे आडनावांचा वर्णक्रम चालणार नाही, कारण उघड आहे. चिठ्ठ्या थेट मुलांनीच उचलाव्यात. क्रमांक हाती आला की मूल धावत जाऊन आपली जागा शोधते आणि 'माझे चित्र मागे का?' हा प्रश्न उरत नाही. चित्र मागे गेलेच तर ते चिठ्ठीमुळे गेले, हे त्याने स्वतःच्या हाताने केलेले असते.

बक्षिसांची फीत चित्राला लावू नये. फीत लागली की लोक फीत पाहत फिरतात. बक्षिसांची यादी दाराजवळ एका कागदावर लावावी, तीही शेवटच्या दिवशी.

उंचीविषयी थोडे हिशेबाने बोलू. पॅरिसच्या जुन्या वार्षिक प्रदर्शनांत चित्रे जमिनीपासून छतापर्यंत लावीत. डोळ्यांसमोरची ओळ वजनदारांना मिळे आणि छताला भिडलेले चित्र दुर्बिणीशिवाय दिसत नसे. चित्रकारांची भांडणे याच गोष्टीवरून होत. आज कलादालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवण्याचा प्रघात आहे. तो प्रौढांसाठी आहे. आपल्या प्रदर्शनाला येणारे पाचवी-सातवीची मुले आणि त्यांच्या आया असतील तर मध्य १३० वर आणावा. पाव इम्पिरियल कागद साधारण २८ बाय ३८ सेंटिमीटरचा. भोवती ५ सेंटिमीटरचे माउंट धरले तर उभ्या चित्राची उंची ४८ होते. तिचे निम्मे २४. म्हणजे वरची कड १५४ वर येईल. भिंतीवर सुतळी ताणून, तिला खडू लावून १५४ वर एक रेघ मारून घ्यावी. सगळी उभी चित्रे त्या रेघेला टेकवावीत. दोन चित्रांत १५ सेंटिमीटर मोकळी भिंत सोडली तर १० मीटर भिंतीवर १९ चित्रे बसतात. मुले जास्त आणि भिंती कमी, ही आपली नेहमीची स्थिती. अशा वेळी दोन ओळी कराव्यात आणि प्रदर्शन दोन दिवसांचे असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी वरची ओळ खाली आणावी. एक तासाचे काम आहे. मुले आनंदाने करतात.

माउंट सर्वांना एकाच रंगाचे, एकाच रुंदीचे हवे. ज्याच्या बापाने फ्रेम करून आणली त्याला ती घरी लावायला सांगावी. काच नकोच, समोर खिडकी असेल तर काचेत चित्राऐवजी खिडकी दिसते. सेलोटेप चित्राच्या दर्शनी बाजूला लावू नये, ती पिवळी पडते आणि काढताना कागदाचा पापुद्रा नेते. कागदाचेच चार त्रिकोणी कोपरे करून त्यांत चित्र अडकवावे. ओल आलेली भिंत असेल तर सरळ दोन खांबांत दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी पुठ्ठे टांगावेत. स्केचपेनच्या रंगांवर ऊन पडू देऊ नये.

उंचीच्या बाबतीत आपली माणसेही एक गोष्ट करतात, ती सांगितलीच पाहिजे. १४ एप्रिलच्या प्रदर्शनात बाबासाहेबांची, बुद्धाची व्यक्तिचित्रे बरीच येतात. कार्यकर्ते आदरापोटी ती सर्वांत वर, छताच्या पट्टीला लावतात, त्यांना हार घालतात, खाली अगरबत्ती लावतात. भावना मला समजते, माझ्याही घरात तसबीर उंचावरच आहे. परंतु ते चित्र एका मुलीने चार रात्री जागून पेन्सिलीने काढलेले असते. चष्म्याच्या काचेवरचा उजेड तिने कसा राखला आहे, ते खालून कोणाला दिसणार? अगरबत्तीचा धूर कागदावर बसतो तो वेगळाच. पूजेसाठी तसबीर वेगळी ठेवावी, आणि मुलीचे चित्र ओळीत, डोळ्यांसमोर आणावे.

शेवटी तो प्रश्न, ज्यावर आमच्या बैठकींत सर्वांत जास्त वाद होतात : वस्तीतल्या मुलांची, वस्तीचे जगणे दाखवणारी चित्रे एकत्र, वेगळ्या भिंतीवर लावावीत की सर्वांत मिसळावीत? मिसळली की त्यांची धार जाते, असे एक पक्ष म्हणतो. फुलदाणी, निसर्गदृश्य, मग नाल्यावरचे घर, मग पुन्हा फुलदाणी. पाहणारा नाल्यावरून सहज पुढे सरकतो. हा मुद्दा खरा आहे. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले ते काही कोणी दिलेल्या कोपऱ्यात भरले नव्हते. आपले व्यासपीठ आपण उभारले होते. त्या न्यायाने आपली भिंतही आपण मागून घेऊ शकतो. परंतु साहित्यिक प्रौढ होते, त्यांनी ठरवले होते. तेरा वर्षांच्या मुलाला आपण त्याच्या जन्मावरून एका भिंतीवर पाठवणार असू, तर बोळातल्या पाटीपेक्षा आपण वेगळे काय केले? भिंत विषयावरून करावी, जन्मावरून करू नये. 'पाणी' अशी भिंत करावी. तीत नळावरची रांग येईल, टँकर येईल, बंगल्यातल्या मुलाने काढलेला पोहण्याचा तलावही येईल. ती तीन चित्रे शेजारी लागली म्हणजे जे बोलतात ते कोणत्याही पाटीने बोलता येणार नाही. येथे मांडणी करणाऱ्याचे काम सुरू होते, आणि येथे चिठ्ठ्यांचा उपयोग नाही हे मी मान्य करतो. मुख्य ओळ चिठ्ठ्यांनी, विषयाची भिंत विचाराने, आणि आपले चित्र त्या भिंतीवर जावे की नाही हे त्या त्या विद्यार्थ्याच्या होकाराने.

होकाराचे महत्त्व आश्रमशाळांत विशेष जाणवते. वारली चित्रे ही मुळात लग्नाच्या वेळी घरातल्या कुडाच्या भिंतीवर काढायची, ती काढणाऱ्या प्रामुख्याने सवाष्ण बाया. १९७० च्या दशकात ती कागदावर आली, जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर गेले, हे फार मोठे काम झाले. परंतु तेव्हापासून आदिवासी मुलाने तपकिरी कागदावर पांढरी माणसेच काढावीत, अशी शहराची अपेक्षा होऊन बसली. एका प्रदर्शनात मी पाहिले की आश्रमशाळेतल्या मुलाने एसटीच्या इंजिनाचे, झाकण उघडलेल्या अवस्थेतले, फार बारकाईचे चित्र काढले होते. संयोजकांनी ते बाजूला ठेवले. 'विभागाशी जुळत नाही' म्हणाले. मी मुलाला विचारले, कोठे लावू? त्याने दारासमोरची जागा दाखवली. तेथे एक वही घेऊन कोणी नावे नोंदवीत बसले होते, त्यांचे टेबल आम्ही थोडे सरकवले.

प्रदर्शन संपल्यावर चित्रे कोठे जातात, हे कोणी पाहत नाही. बहुतेक शाळांत ती क्रीडासाहित्याच्या खोलीत ढिगाने पडतात आणि पुढच्या पावसाळ्यात कसर लागते. चित्र विद्यार्थ्याचे आहे. ते सुरळी न करता दोन पुठ्ठ्यांत घालून, मागे पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहून, त्याच्या हाती परत द्यावे. शाळेला एखादे ठेवायचे असेल तर त्याला विचारावे, आणि ठेवल्याचे त्याला लिहून द्यावे.